निर्वासित आई किंडरच्या दारात : मेलबर्नमधल्या मराठी शिक्षिकांसाठी

डँडेनाँगमध्ये अफगाण हजारा, ब्रॉडमेडोज आणि क्रेगीबर्नकडे इराकी-सीरियन, वेरिबीत बर्मामधले कारेन. मेलबर्नच्या या उपनगरांत निर्वासित कुटुंबांची वस्ती आहे, आणि इथल्याच पाळणाघरांत, किंडरमध्ये (शाळेआधीच्या बालवाड्यांत) बालशिक्षणाचं सर्टिफिकेट थ्री किंवा डिप्लोमा करून लागलेल्या मराठी बायकाही आहेत. हे टिपण त्यांच्यासाठी आहे.

निर्वासित कुटुंबातलं मूल किंडरमध्ये रुळतं की दोन आठवड्यांत यायचं बंद होतं, हे बहुतेक वेळा आईवर ठरतं. रडणाऱ्या मुलाला शांत करायचं प्रशिक्षण आपल्याला मिळालेलं असतं. आईचं मात्र एक फॉर्म, एक सही आणि दारातून 'बाय मम्मी' एवढ्यावर आटोपतं. जिने आजवर पोटच्या पोराला नणंद-जावेखेरीज कुणाच्या हाती दिलेलं नाही, तिला हा व्यवहार अघोरी वाटणारच.

भाषा विचारा, देश नव्हे

'अफगाण आहे' एवढ्या माहितीवर दुभाषी बोलावता येत नाही. दारी, हजारगी की पश्तो? 'बर्मीज' म्हणून नोंदलेली बाई कारेन असेल, चिन असेल किंवा रोहिंग्या असेल, आणि बर्मी तिला तुटकच येत असेल. कारेनमध्येही स्गॉ आणि प्वो वेगळ्या, चिनमध्ये हाखा, फालाम, तेदिम वेगळ्या. इराकी आई अरबी बोलते हे गृहीत धरू नका. घरात असिरियन किंवा कॅल्डियन चालत असेल. कुटुंबाचा केसवर्कर, म्हणजे स्थायिक व्हायला मदत करणारा कर्मचारी, असेल तर पहिला फोन त्याला करा आणि तीन प्रश्न विचारा : आईची बोलीभाषा कोणती, तिला वाचता येतं का आणि येत असेल तर कोणत्या लिपीत, आणि दुभाषी बाईच हवी का.

देशभर चालणारी दुभाषी सेवा म्हणजे टीआयएस नॅशनल, फोन 131 450. व्हिक्टोरिया, म्हणजे मेलबर्नच्या राज्यातल्या सरकारी अनुदानित किंडरना शिक्षण विभागाकडून दुभाष्याची सोय विनाशुल्क असते. संचालिकेला माहीत नसेल तर दाखवून द्या. दुभाषी समोर बसलेला हवा की फोनवर, हेही आईला विचारा. छोट्या समाजात दुभाषी म्हणजे पलीकडच्या गल्लीतली ओळखीची बाई असू शकते, आणि तिच्यासमोर नवऱ्याबद्दल किंवा मुलाच्या आजाराबद्दल कुणी बोलत नाही. अशा वेळी फोनवरचा, शक्यतो दुसऱ्या राज्यातला दुभाषी बरा. आईचं नाव दुभाष्याला सांगायचं नाही, असंही आधी ठरवता येतं.

दुभाष्यासह नावनोंदणीला दीड तास धरा. अर्ध्या तासाच्या खिडकीत ती बसवली की शेवटची पानं घाईत उरकतात, आणि ॲलर्जी, औषधं, 'मुलाला घ्यायला कोण येईल' ही महत्त्वाची पानं नेमकी शेवटी असतात. बोलताना आईकडे बघा, दुभाष्याकडे नको. दोन वाक्यं झाली की थांबा. 'समजलं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला जगात सगळीकडे 'हो' असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा : 'उद्या सकाळी मुलाला ताप आला तर तुम्ही काय कराल?' उत्तरावरून कळेल किती पोचलं ते.

मोठ्या भावंडाला दुभाषी करू नका. आठ वर्षांच्या मुलीने आईला 'तुझ्या मुलाचं बोलणं मागे पडलंय' हे सांगायचं, ही कल्पनाच वाईट.

आता खास आपल्यासाठी एक इशारा. क्वेट्ट्यात काही वर्षं काढलेल्या हजारा बाईला उर्दू येतं, काही रोहिंग्या बायकांना हिंदी-उर्दू थोडंफार कळतं, आणि मग आपली बंबइया हिंदी कामाला येते. धीर द्यायला, चहा विचारायला, 'सो गया, खाना खाया' सांगायला ती जरूर वापरा; आईचा चेहरा खुलतो. पण औषधाचं प्रमाण, लेखी संमती, पैसे आणि मुलाच्या वाढीबद्दलची शंका या चार गोष्टी अर्धवट हिंदीत कधीच बोलू नका. दोघींनाही समजल्यासारखं वाटतं आणि कुणालाच समजलेलं नसतं. वोडोंगाच्या बाजूला भूतानमधून हाकलली गेलेली नेपाळीभाषक ल्होत्साम्पा कुटुंबं आहेत. त्यांची लिपी देवनागरी, त्यामुळे पाट्या लिहून देण्याचा मोह होतो. पाटी लिहा, पण नेपाळी माणसाकडून तपासून घ्या. नेपाळीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. आपल्या 'शिक्षा'चा अर्थ मनात ठेवून लिहिलेली सूचना तिथे उलटीच वाचली जाईल.

भाषांतरित पत्रक हातात दिलं की काम झालं, असंही नाही. अनेक आयांना कुठल्याच लिपीत वाचता येत नाही, आणि रोहिंग्या भाषेत लेखन रोजच्या वापरात फारसं नाही. दुभाष्याकडून एक मिनिटाचा आवाजी संदेश रेकॉर्ड करून घ्या आणि सोबत फोटो पाठवा : टोपी, पाण्याची बाटली, जादा कपड्यांचा जोड. तो संदेश ती चार वेळा ऐकते, घरच्यांना ऐकवते.

नाव आणि जन्मतारीख

कारेन लोकांत आडनाव नसतं. बाप, आई आणि तिन्ही मुलं यांची नावं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून 'ही खरी आई आहे का' अशी शंका घेऊ नका. काही अफगाण आणि रोहिंग्या माणसांना एकच नाव असतं. फॉर्ममध्ये पहिलं नाव, आडनाव असे दोन रकाने दिसले की आपण काहीतरी भरून मोकळ्या होतो, आणि गोंधळ तिथे सुरू होतो. सेंटरलिंकच्या (सरकारी मदत देणाऱ्या कार्यालयाच्या) पत्रावर नाव ज्या स्पेलिंगने आणि ज्या रकान्यात आहे तसंच, अक्षर न् अक्षर उतरवा. एक अक्षर चुकलं तर सीआरएन, म्हणजे सेंटरलिंकचा ग्राहक क्रमांक, जुळत नाही, आणि सीआरएन जुळला नाही तर अनुदान येत नाही. आई मुलाला कोणत्या नावाने हाक मारते ते मात्र वेगळं लिहून घ्या आणि खोलीत तेच वापरा.

कागदावर 1 जानेवारी ही जन्मतारीख वारंवार दिसेल. नेमकी तारीख नोंदलेली नसली की अधिकारी तीच टाकतात. प्रवेशाचं वय कागदावरूनच धरलं जातं : व्हिक्टोरियात तीन वर्षांच्या किंडरसाठी मूल त्या वर्षीच्या 30 एप्रिलपर्यंत तीन पूर्ण हवं. पण 'वयाच्या मानाने मागे आहे' असा शेरा मारण्याआधी आईला विचारा की मूल कोणत्या ऋतूत जन्मलं, रमजानच्या आधी की नंतर, थोरल्याला तेव्हा किती दात पडले होते. सहा-आठ महिन्यांचा फरक सहज निघतो.

पैसे : कुठे अडतं

आधी व्हिसा बघा. मानवतावादी कार्यक्रमाखाली कायम व्हिसावर आलेल्या कुटुंबाला चाइल्ड केअर सबसिडी, म्हणजे सीसीएस, लगेच लागू होते. त्यासाठी थांबण्याची मुदत नाही. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्या, ब्रिजिंग व्हिसावरच्या आईला सीसीएस सहसा मिळत नाही. पण व्हिक्टोरिया राज्याच्या 'अर्ली स्टार्ट किंडरगार्टन' योजनेत निर्वासित आणि आश्रयार्थी अशा दोन्ही पार्श्वभूमीची तीन वर्षांची मुलं येतात : आठवड्याला 15 तास, पात्र शिक्षिकेच्या हाताखाली, मोफत किंवा नाममात्र शुल्कात. सीसीएस नाकारली म्हणून अशा आईला दारातून परत पाठवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

सीसीएसची साखळी अशी : आईचा सीआरएन, मुलाचा सीआरएन, मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर दावा, केंद्राशी लेखी करार, केंद्राने पाठवलेली नोंदणी, आणि मग आईने आपल्या सेंटरलिंक खात्यात जाऊन त्या नोंदणीला दिलेली मान्यता. दहातली नऊ प्रकरणं या शेवटच्या पायरीवर अडतात असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. आईला वाटतं सही केली, झालं. केंद्राला वाटतं सेंटरलिंक बघेल. महिन्याभराने तिच्या हाती पूर्ण फीचं बिल पडतं, आणि ती बिल आणण्याऐवजी मूल आणायचं थांबवते. म्हणून नोंदणी पाठवली त्याच दिवशी, दुभाषी फोनवर असतानाच, तिच्या मोबाइलवर मान्यतेचं बटण दाबून घ्या. पासवर्ड तिचा तिलाच टाकू द्या, लिहून घेऊ नका. दावा उशिरा केला तर अनुदान फक्त 28 दिवस मागे जातं.

आणखी दोन बारकावे. मूल प्रत्यक्ष हजर राहीपर्यंतच्या गैरहजेरीवर अनुदान मिळत नाही, तेव्हा सुरुवातीची तारीख खरी ठेवा, 'जागा धरून ठेवू' म्हणून आधीची टाकू नका. नंतर मात्र आर्थिक वर्षात 42 दिवसांची गैरहजेरी विनाकारण चालते, हे आईला सांगा. मूल आजारी पडल्यावर दंड होईल या भीतीने ताप असलेलं मूल आणून सोडणाऱ्या आया असतात. 5 जानेवारी 2026 पासून सीसीएसला पात्र कुटुंबाला आई काम करत नसली तरी पंधरवड्याला किमान 72 तास अनुदानित मिळतात. तेव्हा 'नोकरी नाही, मग किती तास?' ही जुनी अडचण आता बरीच सुटली आहे.

लसीकरणाची नोंद ऑस्ट्रेलियन रजिस्टरवर नसेल तर घाबरवू नका. छावणीतलं कार्ड आहे का विचारा. बहुतेकींनी ते जपून आणलेलं असतं, फक्त कुणी मागितलेलं नसतं. ते जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा निर्वासितांसाठीच्या आरोग्य नर्सकडून रजिस्टरवर चढवायचं आणि राहिलेल्या डोसांचं वेळापत्रक आखायचं. सीसीएससाठी 63 दिवसांची सवड मिळते. व्हिक्टोरियाच्या 'नो जॅब नो प्ले' (लस नाही तर प्रवेश नाही) कायद्यातही निर्वासित मुलांना 16 आठवड्यांची मुदत आहे, तेवढ्यात प्रवेश देता येतो.

आणीबाणीत कुणाला कळवायचं, हा रकाना एकटीने आलेल्या आईपुढे मोठा प्रश्न असतो. 204 क्रमांकाचा व्हिसा खास धोक्यात असलेल्या स्त्रियांसाठी आहे; त्यावर आलेल्या बाईकडे लिहायला नावच नसतं. केसवर्करचं नाव तात्पुरतं चालेल का, ते दोघांना विचारून ठरवा, आणि तीन महिन्यांनी रकाना पुन्हा उघडा. तोवर वर्गातली एखादी मैत्रीण झालेली असते. केसवर्कर कायमचा नसतो : स्थायिक होण्याच्या कार्यक्रमाची मदत सहसा 6 ते 18 महिन्यांची.

आईला खुर्ची

मूल तीनहून लहान असेल आणि आई मुळीच सोडायला तयार नसेल तर थेट पाळणाघर नको, आधी प्लेग्रुप. तिथे आई बसूनच असते. नगरपालिका आणि व्हिकसेगसारख्या संस्था मदतीच्या शिक्षिकेसह असे गट चालवतात. आईचा एएमईपीचा, म्हणजे नव्या स्थलांतरितांसाठीचा सरकारी इंग्रजी वर्ग सुरू असेल तर तिथे शाळेआधीच्या वयाच्या मुलांची सोय मोफत असते. वर्गाच्या वेळा विचारल्याशिवाय किंडरचे वार ठरवू नका.

किंडर सुरू करायचंच असेल तर चार आठवडे राखून ठेवा.

पहिला आठवडा : तीन दिवस, एकेक तास, आई पूर्णवेळ खोलीत. मोठ्या माणसाची खुर्ची द्या. मुलांच्या इवल्या खुर्चीवर अंग चोरून बसलेली बाई पाहुणीसारखी वाटते आणि स्वतःलाही तसंच मानते. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवा. पाठीमागे दार असलं की काही जणी आखडून बसतात; का, ते त्यांना विचारायची गरज नाही. हातात काम द्या : फळं चिरणं, चादरींच्या घड्या. कामाला भाषा लागत नाही. कायद्याने, आपलं मूल केंद्रात असताना पालकाला आत यायचा हक्क आहे, तेव्हा 'आया थांबल्या तर मुलं बिघडतात' म्हणणाऱ्या खोली-प्रमुखाला बालशिक्षणाच्या राष्ट्रीय नियमावलीतला नियम 157 दाखवा. मात्र शिक्षक-मूल प्रमाणात आईला मोजायचं नाही : व्हिक्टोरियात तीन वर्षांखाली चार मुलांमागे एक, त्यापुढे अकरांमागे एक, हे तिच्याशिवाय पुरं पडलं पाहिजे.

दुसरा आठवडा : आई मुलाला सांगून शेजारच्या खोलीत दहा मिनिटं चहा घेते आणि सांगितल्या वेळी परत येते. तिसऱ्यात अर्धा तास, मग एक तास, आता इमारतीबाहेर. चौथ्यात अर्धं सत्र. पंधरा मिनिटं समजूत घालूनही मूल रडायचं थांबलं नाही तर आईला फोन करायचा, हे आधी ठरवा आणि खरंच करा.

गुपचूप सटकायचं नाही. 'खेळतोय तोवर निघा' हा सल्ला आपल्याकडच्या बालवाड्यांतही सर्रास दिला जातो. ज्या मुलाच्या आयुष्यातून माणसं खरोखर एका रात्रीत नाहीशी झाली आहेत, त्याच्या बाबतीत तो क्रूर आहे. मूल दुसऱ्या दिवशी आईच्या ओढणीला जास्त घट्ट धरतं, आणि आईचाही तुमच्यावरचा विश्वास जातो. रडू देत, पण निरोप घेऊन जाऊ द्या. तिची ओढणी किंवा स्कार्फ मुलाजवळ ठेवा, फक्त झोपेच्या वेळी तो खाटेत नको.

ही सगळी आखणी एका कारणाने हमखास कोसळते : रोस्टर. मूल ज्या ताईला ओळखायला लागलं, ती तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या खोलीत जाते. संचालिकेकडून चार आठवडे एकच मुख्य शिक्षिका लिहून घ्या. रमजानमध्ये ही सुरुवात करू नका. रात्रीचं जागरण आणि दिवसाचा उपास यात आईला नवा ताण नको.

झोपेवरून खटका उडतो. पाठीवर बांधून किंवा कुशीत झोपवलेलं मूल एकट्या खाटेत झोपत नाही. सुरक्षित झोपेचे नियम तुम्हाला मोडता येत नाहीत, पण ते 'तुमची पद्धत चूक' असे न सांगता 'इथे एका खोलीत इतकी मुलं असतात म्हणून' असे सांगता येतात. मूल खाटेवर, ताई जमिनीवर शेजारी, हात पाठीवर. दहा-बारा दिवस लागतात.

खाणं, पाणी, डबा

फॉर्मवर 'हलाल' ला खूण केली की प्रश्न सुटत नाही. जेली, मार्शमेलो, काही दही यांत जिलेटिन असतं, वेष्टन वाचा. अफगाण घरून येणाऱ्या खाऊत बदाम, पिस्ते, अक्रोड असतात आणि तुमचं केंद्र सुकामेव्याला बंदी करतं, तेव्हा काय चालेल त्याचे फोटो दाखवा. आईने चिप्सची पाकिटं भरून दिली तर नाक मुरडू नका. इथली मुलं हेच खातात असं तिला दुकानातून दिसलेलं असतं. घरचा भात, नान, अंडं चालतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

चार वर्षांच्या मुलाला आई भरवते यात आपल्याला नवल नसावं. वरणभात भरवल्याशिवाय आपलीही पोरं वाढलेली नाहीत. मुलाला हाताने खाऊ द्या, चमचा शेजारी ठेवा. शौचालयात एक छोटी झारी ठेवलीत तर काही मुलांचा दिवसभर रोखून धरण्याचा त्रास संपतो.

संवेदनखेळासाठी परातभर तांदूळ, डाळ, पास्ता सांडायची इथे पद्धत आहे. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली बाई ते बघून काय म्हणत असेल, हे 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. वाळू, पाणी, पानं पुरतात.

भीती

आग लागल्याचा सराव दर तीन महिन्यांनी सक्तीचा आहे. घंटा न सांगता वाजवायची नाही. आदल्या दिवशी आईला कळवा, मुलाला घंटेचा आवाज आधी हळू ऐकवा, सरावात त्याचा हात मुख्य शिक्षिकेच्या हातात असू दे. गणवेशातल्या पोलिसांची भेट, फुगे फुटणं, खेळण्यातल्या बंदुका, दिवाळीचे फटाके यांनाही हाच नियम.

फोटोची संमती वेगळी आणि सावकाश घ्या. ज्यांचे नातेवाईक मागे धोक्यात आहेत त्यांना मुलाचा चेहरा केंद्राच्या ॲपवरही नको असू शकतो. 'नको' म्हणायला मोकळीक आहे, हे मोठ्याने सांगावं लागतं.

प्रवासाची, छावणीची चौकशी करू नका. ती सांगेल तेव्हा ऐका. ज्याच्याकडे बारीक लक्ष हवं ते मूल बहुधा रडणारं नसतं; कोपऱ्यात शहाण्यासारखं बसणारं, काही न मागणारं, आवाज झाला की गोठणारं असतं. 'किती गुणी' म्हणून आपण त्याला सोडून देतो. सहा आठवड्यांतही ते सैल पडलं नाही तर आईशी बोलून फाउंडेशन हाउसकडे पाठवा. छळ आणि युद्ध भोगलेल्यांसाठीची व्हिक्टोरियातली ही संस्था मोफत काम करते.

नव्या भाषेत कित्येक महिने गप्प राहणं मात्र सामान्य आहे. त्यासाठी आईला 'घरी इंग्रजी बोला' असं कधीही सांगू नका. तिची मोडकी इंग्रजी मुलाला काही शिकवत नाही, आणि तिच्या भाषेतल्या गोष्टी, गाणी, रागावणं सगळं बंद पडतं. मूल घरी आपल्या भाषेत बोलतं का, एवढं विचारा. तिथेही बोलत नसेल तर आधी कान तपासून घ्या.

मुलाला इजा होत असल्याची शंका आली तर कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. हे आईला पहिल्याच भेटीत, दुभाष्यातून, शांतपणे सांगून ठेवा. 'इथे सरकार मुलं काढून नेतं' ही अफवा तिच्या कानावर आलेलीच असते. काय कळवावं लागतं आणि काय नाही, कानाखाली मारणं आणि ओरडणं यात इथला कायदा काय फरक करतो, हे तिला नीट माहीत असलं तर ती तुमच्याशी बोलत राहते.

गैरहजेरी वाढली तर आधी नकाशा काढा. थोरला शाळेत, तान्हं बाबागाडीत, बस अर्ध्या तासाला एक, आणि दोन्हीकडची घंटा नऊला. तिला दोन ठिकाणी एकाच वेळी पोचता येत नाही, हे तिने सांगितलेलं नसतं, कारण विचारलं जातं ते 'का आला नाहीत?' असं. वीस मिनिटं उशिरा आलं तरी चालेल, असं संचालिकेकडून लिहून घेऊन तिला आवाजी संदेश पाठवा, आणि पुढच्या वर्षीसाठी शाळेच्या आवारातलं किंडर मिळतं का ते आत्ताच बघा. नोंदणी आदल्या वर्षी होते.